तोंडात लवंग धरून : विश्वासात राहून नीट बोलायला शिकणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारी संध्याकाळी वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास असतो. मध्यंतरी जवळजवळ वर्षभर आम्ही एकच विषय धरून बसलो होतो : जीभ. तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले, आणि अजूनही उपासनेनंतर चपला घालता घालता कुणीतरी विचारतंच, ते इथे एकत्र केले आहेत. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. ३४ वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे आवाज मोठा आणि जीभ तिखट. उत्तरं कुठून आली आहेत हे लक्षात ठेवून वाचा.

विचार करून बोलायचं म्हणजे सगळ्यांशी गोड बोलायचं का?

नाही हो. गोड बोलणं लग्न जमवणाऱ्या मध्यस्थालाही जमतं. येशूने हेरोद राजाला ‘कोल्हा’ म्हटलं, शास्त्री-परूशी या धर्मपुढाऱ्यांना चुना लावलेल्या कबरा म्हटलं. पण व्यभिचारात धरलेल्या बाईला घेऊन जमाव आला तेव्हा तोच येशू आधी खाली वाकला आणि बोटाने जमिनीवर लिहू लागला. काय लिहिलं ते योहानाच्या शुभवर्तमानात सांगितलेलं नाही. लोक विचारतच राहिले तेव्हा उठून एक वाक्य बोलला, आणि पुन्हा वाकून लिहू लागला. पुढे अटकेनंतर त्याच हेरोदासमोर उभं केलं तेव्हा तर एक अक्षरही नाही. म्हणजे कुणाला खडसवायचं, कुणासमोर थांबायचं आणि कुणाला उत्तरच द्यायचं नाही, याची पारख हवी. प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलं की तुमचं बोलणं मिठाने रुचकर केलेलं असावं. साखरेचं नाव त्याने काढलं नाही.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

बायबलातलं याकोबाचं पत्र, तिसरा अध्याय. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, तिन्ही दाखले तिथे आहेत. सगळे पशू-पक्षी माणसाने वश केले, जीभ मात्र कुणालाच वश करता येत नाही, हे याकोब सरळ कबूल करतो. मला ते वाचून धीर येतो. निदान खोटी आशा तरी दाखवत नाही.

दुसरं म्हणजे बायबलातलंच नीतिसूत्रे हे पुस्तक. अध्याय ३१ आहेत, म्हणून ज्या तारखेला जो आकडा तो अध्याय वाचायचा. ही युक्ती जुनी आहे, माझी नव्हे. जवळपास रोज बोलण्याबद्दल काहीतरी सापडतंच. १८व्या अध्यायातलं १३वं वचन मी शिक्षकांच्या खोलीत लावायला हवं होतं : ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे, त्यात लाज आहे.

आम्ही शिव्या देत नाही, खोटं बोलत नाही. मग हे सगळं आम्हाला कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं सगळं म्हणणं याच्याच उत्तरात आहे. आपल्या लोकांत जीभ जे नुकसान करते ते बहुतेक वेळा शिवीने होत नाही. ते पवित्र शब्दांनी होतं. वचनाने, प्रार्थनेने, साक्षीने, ‘प्रभूने मला सांगितलं’ने. शिवी दिली तर माणूस उलट बोलतो तरी. वचन तोंडावर मारलं तर तो काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. म्हणून माझं मत असं की ख्रिस्ती माणसाने जिभेची शिस्त आपल्या धार्मिक बोलण्यापासून सुरू करावी, रागापासून नव्हे. राग दिसतो तरी. हे दिसत नाही.

पुढचे तीन प्रश्न अशाच पवित्र शब्दांबद्दल आहेत.

प्रार्थनेचा विषय सांगणं आणि चहाडी करणं यात फरक कसा ओळखायचा?

वाक्य कसं सुरू होतं बघा. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, बाहेर बोलू नका…’ हे ऐकलं की सगळ्या खुर्च्या सहा इंच पुढे सरकतात. मग कळतं की अमक्यांच्या मुलीला रात्री अकरा वाजता मोटारसायकलवरून कोण सोडायला येतो, तो मुलगा कोणाचा, आणि तिच्या आईचं बीपी त्यामुळे किती वाढलं. शेवटी ‘तर आपण प्रार्थना करू या’ आणि डोळे मिटायचे. रविवारपर्यंत ही गोष्ट त्या आईच्या कानावर परत आलेली असते, तीही वाढून. तोंडात तीळ भिजत नाही आणि वर ‘आमेन’.

आम्ही अभ्यासात तीन गोष्टी ठरवल्या. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारायचं. विचारणं शक्य नसेल तर फक्त नाव घ्यायचं. देवाला मोटारसायकलचा नंबर लागत नाही. आणि तिसरं, कुणी तपशील सांगायला लागलंच तर शेजारच्या बाईने पाण्याचा तांब्या पुढे करायचा. हे गमतीत ठरलं होतं, पण सगळ्यात जास्त चाललं ते हेच. पहिल्या महिन्यात आम्ही पाणी फार प्यायलो.

जर्मनीत डीट्रिख बॉनहोफर १९३५पासून पाळकांना शिकवायचे. हिटलरच्या ताब्यात गेलेल्या चर्चला न जुमानणाऱ्यांचं ते छोटं विद्यालय होतं, फिंकेनवाल्डे या गावी. तिथे नियम होता की गैरहजर असलेल्या भावाबद्दल बोलायचं नाही, आणि बोलून गेलंच तर त्याला स्वतः जाऊन सांगायचं. १९३७ साली गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, विद्यालय बंद केलं. बाहेर एवढा धोका असताना माणसं आत चहाडीचा विचार करत होती, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं. मग लक्षात आलं, धोका असतो तेव्हाच एकमेकांवरचा विश्वास तुटून चालत नाही.

दुःखाच्या घरी काय बोलावं?

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण दुसऱ्याची सांगायचा मला अधिकार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका बाईंचा तरुण मुलगा अपघातात गेला. मी तिसऱ्या दिवशी गेले. त्या मोरीजवळ पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात घमेल्यात भिजवलेले कपडे, त्यांत त्याचा शर्ट. मी शेजारी बसले, हात धरला, आणि म्हणाले, “बाई, देवाने दिलं, देवाने नेलं, त्याचं नाव धन्य असो.” त्यांनी हात सोडवून घेतला. काही बोलल्या नाहीत. उठून शर्ट पिळला, झटकला, दोरीवर टाकला आणि आत निघून गेल्या. मी अर्धा तास त्या पाटाशेजारी बसून राहिले. परत बाहेर आल्या नाहीत.

घरी येऊन मी बायबलातलं ईयोबाचं पुस्तक उघडलं, माझं वचन बरोबर होतं की नाही ते बघायला. बरोबर होतं, पहिल्याच अध्यायात आहे. फक्त ते ईयोब स्वतः म्हणतो, स्वतःच्या मेलेल्या मुलांबद्दल. दुसरं कुणी त्याला येऊन ते ऐकवत नाही. हा फरक मला इतकी वर्षं वाचून दिसला नव्हता. मेलेल्या मुलाचा बाप जे बोलू शकतो ते शेजारणीने बोलायचं नसतं.

आणि पुढे त्याचे तीन मित्र येतात, अलीफज, बिल्दद, सोफर. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत, कारण दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. अख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेलं हेच एक चांगलं काम. मग तोंडं उघडतात आणि देवाची बाजू मांडायला लागतात. तुझं काहीतरी चुकलं असेल, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर. सगळी वाक्यं प्रार्थनागृहात शोभतील अशी. शेवटी देव अलीफजाला म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. ज्याने तक्रार केली तो योग्य बोलला!

म्हणून दुःखाच्या घरी : बसा. भांडी दिसली तर घासा. पोळ्या करून न्या, डबा परत मागू नका. बोलायचंच झालं तर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगा. ‘देवाची योजना’ हे दोन शब्द निदान वर्षभर गिळून टाका.

कुणी ‘प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितलं’ असं म्हणालं तर?

तर नम्रपणे म्हणा, “बरं, मीही प्रार्थना करते, मला काय सांगतो बघते.” देव बोलतो यावर माझा विश्वास आहे. पण ‘या स्थळाला हो म्हण, प्रभूने मला दाखवलंय’ हे ऐकून होकार दिलेल्या मुलींचे संसार मी पाहिले आहेत. पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. आणि हे वाक्य तुमच्याच ओठावर येत असेल तर त्याजागी ‘मला वाटतं’ घालून बघा. नुसतं ‘मला वाटतं’ म्हणायला धजत नसाल, तर देवाचं नाव आधाराला घेताय.

खोटी साक्ष न देण्याची आज्ञा कितवी? आणि ती फक्त कोर्टापुरती आहे का?

दहा आज्ञांमध्ये आमच्याकडे नववी, कॅथलिक आणि लुथरन लोकांकडे आठवी. मोजायची पद्धत वेगळी. कोर्टापुरती मुळीच नाही. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली घरातल्या माणसांसाठी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात या आज्ञेचा अर्थ असा दिला : शेजाऱ्याची बदनामी तर करायची नाहीच, उलट त्याची बाजू घ्यायची, त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावायचा. शेवटचा भाग करून बघा. सून फोन उचलत नाही, तर ती गाडी चालवत असेल. (माझ्या डोक्यात पहिला अर्थ हा येत नाही, हे सांगायला नको.)

गंमत म्हणजे ल्यूथर स्वतः विरोधकांबद्दल जे लिहायचा ते इथे छापता येणार नाही, आणि ज्यू लोकांविरुद्ध त्याने म्हातारपणी जे लिहिलं ते तर भयंकरच. अर्थ बरोबर सांगणं वेगळं, पाळणं वेगळं.

दुसऱ्याची चूक दाखवायचीच नाही का मग?

दाखवायची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात क्रम आहे : आधी एकट्याला गाठून, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. आपण हा क्रम उलटा चालवतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग दोघांना, आणि ज्याची चूक त्याला सर्वात शेवटी.

कशी दाखवावी याचा धडा नाथान संदेष्ट्याकडून घ्यावा. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको घेतली आणि उरीयाला मारवलं. नाथान जाऊन एकदम आरोप करत नाही. एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो, जी त्याच्या ताटातलं खायची आणि कुशीत झोपायची, आणि जी एका श्रीमंताने हिसकावून घेऊन कापली. राजा चिडतो, शिक्षा सुनावतो. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. गोष्ट आधी, बोट नंतर. पण बोट दाखवलं, हेही विसरू नका.

मत्तय १८ दाखवून आम्हाला एका गंभीर गोष्टीबद्दल गप्प बसायला सांगितलं आहे. काय करावं?

गप्प बसू नका. लहान मुलाला किंवा मुलीला कुणी हात लावला असेल, घरात मारहाण होत असेल, पैशांची अफरातफर असेल, तर ‘आधी एकट्याला गाठून’ हा उपाय नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना देणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. गुन्हा सांगणं ही चहाडी नव्हे. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून मूग गिळून बसणाऱ्यांनी नीतिसूत्रांचा शेवटचा, ३१वा अध्याय उघडावा. तो आपण फक्त गुणवान स्त्रीसाठी, मदर्स डेला वाचतो. त्याच अध्यायात वर, जे मुके आहेत त्यांच्यासाठी आपलं तोंड उघड, असं लिहिलं आहे.

ठरवते, पण वेळेला शब्द निसटतोच. काही उपाय?

जिभेला हाड नसतं. तरी दोन सांगते, एक रात्रीचा आणि एक जागेवरचा.

रात्रीचा उपाय येशूसंघ स्थापणाऱ्या इग्नाशियस लोयोला यांचा. एक दोष निवडायचा, दिवसातून दोनदा आपली झडती घ्यायची आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके कागदावरच्या रेघेवर मांडायचे. दुपारची एक रेघ, रात्रीची एक, आठवड्याच्या चौदा. मी हे वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर करते. आम्ही प्रॉटेस्टंट, पण ठिपक्यांना पंथ नसतो. मी निवडलेला दोष होता दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडणं. पहिल्या मंगळवारी दुपारपर्यंत अकरा ठिपके झाले होते, आणि त्या दिवशी मी घराबाहेरही पडले नव्हते. घरात आम्ही दोघंच असतो. यांनी वही बघितली आणि म्हणाले, “मला वाटलं, जास्त असतील.”

जागेवरचा उपाय इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांकडून आला. चौथ्या शतकात तिथे अब्बा अगाथोन म्हणून होते. मौन शिकायला त्यांनी तीन वर्षं तोंडात खडा धरला, अशी त्यांची गोष्ट सांगतात. खडा मला झेपला नसता, दातही राहिले नसते. मी लवंग धरते. मंडळीच्या पंचांच्या बैठकीला जाताना पर्समध्ये डबी असते. लवंग दाढेखाली असली की बोलण्याआधी ती गालात सरकवावी लागते, आणि तेवढ्या वेळात निम्मी वाक्यं अनावश्यक होती हे कळतं.

यासोबत १४१व्या स्तोत्रातली दावीदाची विनंती : परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारा बसव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. फाटकावर वॉचमन मागतोय तो. छोटी प्रार्थना आहे, लिफ्टमध्ये होते.

व्हॉट्सअॅपवर?

रागाचं उत्तर टाइप करा, पाठवू नका, पोळ्या लाटून या, मग वाचा. फॉरवर्ड केलेली खोटी बातमी ही खोटी साक्षच आहे, मग खाली वचन का असेना.

मी बोलताना अडखळते, चारचौघांत प्रार्थना करायला भीती वाटते. माझ्यासाठी काय?

मोशेनेही देवाला हेच सांगितलं, मी मुखाचा जड आहे. देवाने त्याला वक्ता बनवलं नाही; बरोबर त्याच्या भावाला, अहरोनाला दिलं. एका ओळीची प्रार्थना ही पूर्ण प्रार्थना असते.

आपली प्रार्थनेची मराठी ऐकणाऱ्याला परकी वाटते असं मुलं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. ‘आम्ही तुझ्या समक्षतेत येत आहोत’ असं घरी कोण बोलतं? ज्या भाषेत आपण भाजीवाल्याशी भांडतो तीत देवाशी बोलायला आपल्याला संकोच वाटतो. हा संकोच जुन्या माणसांना नव्हता. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली, ती १६१६ साली छापली गेली. मराठी ही भाषांमधलं रत्न आहे अशी तिची स्तुतीही त्यांनी त्यातच करून ठेवली. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं भाषांतर साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत केलं. संस्कृतची पंडिता ती, अवघड शब्दांची तिला काय वाण? तरी १९२२ साली जाईपर्यंत शब्द सोपे करत बसली.

हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांशी विश्वासाबद्दल बोलतानाही हेच. विचारलं तर सांगा, आपल्या घरच्या भाषेत सांगा. पेत्र म्हणतो तसं सौम्यतेने आणि आदराने. त्यांच्या देवाबद्दल वाकडा शब्द काढून आपल्या देवाची उंची वाढत नाही.

बोलून गेलो. आता परत कसं घ्यायचं?

परत घेता येत नाही. जाऊन माफी मागता येते. येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. म्हणजे दानपेटीपुढच्या रांगेतून बाहेर पडायचं. माफीत ‘पण’ नको. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हेही नको.

त्या शर्टवाल्या बाईंकडे मी आठ महिन्यांनी गेले. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. दार उघडलं तेव्हा एवढंच बोलले, “त्या दिवशी मी बोलायला नको होतं.” त्या म्हणाल्या, “हो.” मग चहा टाकला. बशीत खारी होती. मुलाचं नाव मी घेतलं, आणि त्या त्याच्या पहिल्या सायकलबद्दल पाऊण तास बोलत होत्या. मी मध्ये एकदाही तोडलं नाही. रात्री वहीवर त्या रेघेला ठिपका नव्हता.

किती दिवसांत फरक पडतो?

मला अकरा वर्षं झाली. मागच्या रविवारी पंचांच्या बैठकीत छपराच्या खर्चावरून मी खजिनदारांना सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्हाला बेरीज येते का?” लवंगांची डबी दुसऱ्या पर्समध्ये राहिली होती. सोमवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन आले. बेरीज त्यांचीच बरोबर होती.